आपण काय द्राक्षं आहोत?

अंकासाठी लेख हवा म्हणून फोन आला, तेव्हा मंदाताई माझ्यासमोर गॅलरीत बसून मटार सोलत होत्या. 'डोंगरातल्या तुमच्या कामाबद्दल लिहा, थोडं थरारक चालेल,' असं पलीकडचा मुलगा सांगत होता. फोन ठेवून मी म्हटलं, "मंदाताई, ती कपारीतली गोष्ट लिहू का?"

"कुठली? तुम्ही सांगायचात ती, की झाली ती?"

मटार सोलणाऱ्या बाईकडून होणारे अपमान गिळायची मला आता सवय झाली आहे. "झाली ती," मी म्हटलं.

"मग लिहा. आणि माकडटोपी गाळू नका."

तर ही झाली ती. माकडटोपीसकट.

माझी नोकरी कागदोपत्री शारीरिक शिक्षणाच्या शिक्षिकेची, म्हणजे पीटीच्या बाईंची. शाळेत गणिताच्या बाईंचा धाक असतो, मराठीच्या बाईंवर मुली जीव टाकतात, आणि पीटीच्या बाईंजवळ शिट्टी असते. त्या शिट्टीच्या बळावर मी नाशकातल्या आमच्या शाळेच्या गाइड पथकाची कॅप्टन झाले, आणि पुढं इतर शाळांतल्या शिक्षिकांना कॅप्टन करणारी प्रशिक्षिका. गाइड ज्यांच्या नशिबी आलं नाही त्यांच्यासाठी सांगते: निळा गणवेश, गळ्यात स्कार्फ, दोरीच्या गाठी, दगडांच्या खुणा करून वाट शोधणं आणि बिनभांड्याचा स्वयंपाक. म्हणजे वांगी-बटाटे निखाऱ्यात घालायचे आणि कणकेची वळकटी काठीला गुंडाळून भाजायची. ती बाहेरून कोळसा आणि आतून कणीक अशी होते. ती न थुंकता खाण्याला आम्ही स्वावलंबन म्हणायचो.

या शास्त्राचा कळस म्हणजे दोन काड्यांची शेकोटी. परीक्षार्थीला काडेपेटीतल्या दोन काड्या मिळतात. वाळलेलं गवत, सालपटं, काटक्या स्वतः गोळा करायच्या, नीट रचायच्या आणि त्या दोन काड्यांत पेटवायच्या. कागद नाही, रॉकेल नाही, तिसरी काडी नाही. परीक्षा उत्तम आहे. तिच्यामुळं मुलीला लाकूड कळतं, वारा कळतो, आणि घाईचं काय होतं तेही कळतं. पण ती परीक्षा आहे. आयुष्यभर खिशात दोनच काड्या घेऊन फिरावं असं कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. ती भर माझी.

मी तेव्हा पस्तिशीत होते. बॉबकट, कॅनव्हासचे बूट आणि चेहऱ्यावर असा भाव, की सह्याद्री मला विचारून उभा राहिला आहे. पावसात छत्री घ्यायची नाही, थंडीत स्वेटर घालायचा नाही. 'निसर्ग आपला मित्र आहे' हे मी दर शनिवारी मुलींना ठणकावून सांगायची. निसर्गाला कुणी विचारलं नव्हतं. माझ्या सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "हिला थंडी वाजत नाही. थंडीलाच हिची भीती वाटते." मी वर्षानुवर्षं ते कौतुक समजत होते.

माझं एक घोषवाक्यही होतं. शिबिराच्या पहिल्या दिवशी मी ते फळ्यावर लिहायची: 'जादा सामान म्हणजे जादा भीती.' अक्षर सुंदर होतं, एवढं त्या वाक्याबद्दल आज बरं बोलता येईल.

तर जानेवारीतलं ते शिक्षिकांचं शिबिर. आठ जणी आणि मी. डोंगर त्र्यंबकच्या बाजूचा. नाव मुद्दाम सांगत नाही, नाहीतर येत्या रविवारी तिथं रील काढायला जत्रा भरेल. सकाळी पायथ्याशी उतरलो आणि मी माझा आवडता कार्यक्रम सुरू केला: झडती. सतरंजी अंथरायची आणि प्रत्येकीनं सॅक तिच्यावर पालथी करायची. ठरवून दिलेल्या सामानाबाहेरचं जे निघेल ते जप्त. बाकी कॅप्टन मंडळी जप्त माल गाडीत ठेवत. मी तो स्वतःच्या पाठीवर घेत असे. का? तर तुमची भीती मी वाहते, तुम्ही हलक्या व्हा, असा त्यामागचा उदात्त विचार. खरं कारण, एवढं ओझं घेऊनही मी सगळ्यांच्या पुढं चालते हे दिसावं.

मंदाताईंची पाळी आली. ह्या नाशिकरोडकडच्या एका शाळेत मराठी शिकवायच्या. गोल बांधा, मऊ बोलणं आणि हेडबाईंनी नाव दिलं म्हणून आलेल्या. त्यांची सॅक पालथी झाली आणि सतरंजीवर किराणा दुकान उभं राहिलं. थर्मास. सुंठवड्याची डबी. मेणबत्त्या. कापराची पुडी. अख्खी काडेपेटी. यजमानांची तपकिरी माकडटोपी. आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळलेलं सासूबाईंचं जुनं नऊवारी पातळ.

"मंदाताई," मी म्हटलं, "आपण डोंगरावर चाललोय की बाळंतपणाला?"

सगळ्या हसल्या. मंदाताईही हसल्या, पण हात पातळावरून काढला नाही.

"असू द्या हो बाई. कामाला येतं."

"कशाच्या?"

"ते कामाला आल्यावर कळतं."

मी सगळं माझ्या सॅकमध्ये कोंबलं. जाता जाता माकडटोपी दोन बोटांत धरून सर्वांना दाखवली. आणखी एकदा हशा झाला. हशा मिळाला की मला पुढं काही दिसायचं नाही.

तेवढ्यात शैला म्हणून एक तरुण शिक्षिका होती, पिंपळगाव बसवंतची, घरची द्राक्षबाग असलेली, ती आकाशाकडं बघत म्हणाली, "बाई, आमच्याकडं कालपासून ढग हे. घरचे सगळे बागंत औषध मारायला गेलेत. आज पाणी येईन असं वाटतंय मला."

नाशिककरांना हे सांगावं लागत नाही, बाकीच्यांसाठी सांगते. जानेवारीत द्राक्षात गोडी भरत असते. त्या वेळी पाऊस आला तर मणी तडकतात आणि वर्षाची मेहनत घडावरच सडते. म्हणून थंडीतला ढग दिसला की आमच्या भागातला माणूस जेवता जेवता उठतो. शैलाचा अख्खा तालुका त्या सकाळी मान वर करून उभा होता.

आणि मी कमरेवर हात ठेवून म्हणाले, "शैला, आपण काय द्राक्षं आहोत? भिजलो तर तडकू?"

काय टाळ्या पडल्या महाराजा! शैलानंपण वाजवल्या, बिचारीनं. आम्ही निघालो.

माथ्यावर पोचेपर्यंत ऊन होतं. तिथं मी परीक्षा घेतल्या. एकेकीच्या शेकोट्या पेटल्या, मी शिट्टी वाजवून पास करत गेले. मंदाताईंनी काटक्या बऱ्या रचल्या होत्या. पहिली काडी वाऱ्यानं नेली. दुसरी हातात धरून त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि शाळेतल्या मुलीसारखं विचारलं, "बाई, कापूर वापरला तर चालेल का हो?"

"नाही चालणार."

दुसरी काडीही विझली. "नापास," मी म्हटलं, आणि विझवलेल्या शेकोट्यांवर पाणी मारायच्या कामाला त्यांनाच लावलं. त्यात त्यांचा पदर आणि पायातले मोजे भिजले. हे मला दिसलं होतं. ऊन आहे, वाळतील, असं मी मनात म्हटलं. ऊन माझंच होतं ना.

जेवण आटोपतंय तोवर ऊन गेलं. पश्चिमेकडून धुकं असं आलं, जसं कुणी दुधाचं पातेलं कलंडावं. मग वारा, मग बारीक पाऊस. आल्या वाटेनं गुपचूप उतरायचं, एवढंच करायचं होतं. मळलेली वाट, गुरंसुद्धा चुकत नाहीत अशी. पण मळलेल्या वाटेनं उतरण्यात कॅप्टनची काय शोभा? मी होकायंत्र काढलं आणि जाहीर केलं, "आता प्रत्यक्ष मार्गशोधन. डोंगराच्या उजव्या सोंडेनं उतरू. होकायंत्र चुकत नाही."

ते नाहीच चुकलं. ते शेवटपर्यंत इमानदारीनं उत्तर दाखवत होतं. चुकत होते मी, आणि माझ्यामागं आठ जणी एकीच्या स्कार्फचं टोक दुसरीनं धरून, दिंडीला निघाल्यासारख्या येत होत्या. सोंड अरुंद होत गेली आणि अचानक संपली. पुढं नुसता पांढरा धूर. शैलानं दगड टाकला. तो पडल्याचा आवाज यायला इतका वेळ लागला, की मी तेवढ्यात होकायंत्र दोनदा हलवून बघितलं.

मागं फिरावं तर उतरताना बसून घसरलो होतो तो कातळ आता पाण्यानं साबणासारखा झालेला. कड्याला लागून एक कपार होती. गुराख्यांनी कधी काळी वापरलेली असावी, आत वाळक्या काटक्या आणि पाला पडलेला. आम्ही तिच्यात शिरलो. छप्पर मिळालं, पण वारा समोरून सरळ आत येत होता. आठही जणी चिंब.

आता थोडं माझ्या धंद्यातलं सांगते, कारण हे माहीत नसल्यामुळंच माणसं जातात. थंडीनं मरायला हिमालय लागतो असा आपला समज असतो. लागत नाही. ओले कपडे, वारा आणि रिकामं पोट, एवढं पुरतं. आधी माणूस कुडकुडतो. कुडकुडतोय तोवर ठीक असतं, शरीर भांडत असतं. मग जीभ जड होते, बोलणं भरकटतं. आणि मग कुडकुडणं थांबतं. बघणाऱ्याला वाटतं, चला, बरं वाटतंय. तिथं खरं घाबरायचं असतं. मलाही हे सगळं पाठ होतं. मी त्यावर व्याख्यान द्यायची. स्वेटर न घालता.

मंदाताई सगळ्यात आधी भिजल्या होत्या, त्यामुळं सगळ्यात जास्त गारठल्या होत्या. दात वाजत होते. मी म्हटलं, "मंदाताई, मनानं घ्या, मनानं!" त्यांनी मान हलवली. थोड्या वेळानं दात वाजायचे थांबले. मी म्हटलं, "बघा! घेतलं की नाही मनानं?"

शैला त्यांच्या शेजारी होती. ती म्हणाली, "बाई, यांचं काहीतरी येगळंच चाललंय."

मंदाताई भिंतीला टेकून हजेरी घेत होत्या. सातवी ब. एकेक नाव हळूहळू, जीभ अडखळत. मध्येच थांबून म्हणाल्या, "उकडतंय गं. पंखा लावा कुणीतरी," आणि ओला पदर खांद्यावरून ओढून काढायला लागल्या.

माझ्या व्याख्यानातलं एकेक वाक्य माझ्यासमोर बसून पदर काढत होतं.

"शेकोटी," मी म्हटलं. "सरका सगळ्या."

आठही जणींच्या काड्या माथ्यावर परीक्षेत संपल्या होत्या. उरल्या होत्या फक्त माझ्या खिशातल्या पेटीतल्या दोन. परीक्षकाला परीक्षा द्यावी लागत नाही, त्यामुळं मी कित्येक वर्षांत पावसात एकही शेकोटी पेटवलेली नव्हती. ही गोष्ट माझ्या लक्षात त्या कपारीत आली. मी पाला रचला, सालपटं रचली, पहिली काडी ओढली. तिचा गूल मऊ होऊन पेटीच्या कडेला चिकटून राहिला. नुसती काडी हातात.

दुसरी ओढली. पेटली! पाल्यानं धरली, बारीक काटकीनं धरली, चुरचुर आवाज आला. आणि मी काय केलं असेल? मी मागं वळले. खरं सांगते, मागं वळून त्या आठ जणींना म्हणाले, "पाहिलंत? वारा कितीही असो, रचना अचूक असेल तर..."

माझं अंग वाऱ्याच्या आड होतं तेवढाच काय तो आडोसा होता. मी वळले, वारा आला, आणि रचना अचूक असलेली ती शेकोटी एक बारीक धूर सोडून गेली. माझं वाक्य अर्धंच राहिलं. आजतागायत कुणी ते पूर्ण करायला सांगितलेलं नाही.

माझी सॅक माझ्या पाठीवरच होती. तिच्यात अख्खी काडेपेटी होती, मेणबत्त्या होत्या, कापूर होता, गरम चहा होता, कोरडं पातळ होतं. हे तिथं बसलेल्या प्रत्येकीला माहीत होतं, मलाही होतं. आणि तरी माझा हात सॅकच्या पट्ट्याकडं जाईना. सॅक उघडली असती तर फळ्यावरचं वाक्य पुसावं लागलं असतं, सकाळचा हशा परत करावा लागला असता. एका बाईचा जीव एका पारड्यात आणि माझा एक विनोद दुसऱ्यात, आणि मी बसून वजन करत होते. किती वेळ, ते मंदाताईंनाही कधी सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही.

मग मंदाताईंची हजेरी संपली. त्यांनी डोळे उघडले, विझलेल्या काटक्यांकडं बघितलं आणि अगदी मऊ आवाजात, सकाळच्याच शब्दांत विचारलं, "बाई, कापूर वापरला तर चालेल का हो?"

त्या अजून परीक्षेतच होत्या. परवानगी मागत होत्या.

"चालेल," मी म्हटलं. "चालेल हो मंदाताई. सगळं चालेल."

पुढचं मी केलं असं म्हणवत नाही. सॅकची बक्कल शैलानं दातानं उघडली. ओली साडी सोडून मंदाताईंना नऊवारी पातळात गुंडाळलं. नऊवार हे माप कुणी काढलं असेल त्या माउलीला माझा दंडवत. त्यात मंदाताई मावून वर दोघी बसल्या. डोक्यावर माकडटोपी चढवली. मेणबत्त्या पेटवून काटक्यांखाली ठेवल्या, वर कापराची पुडी उपडी केली. कापूर वाऱ्यालाही जुमानत नाही. देवापुढं इतकी वर्षं जळतोय, त्याला कॅप्टनचा काय धाक! काड्या किती लागल्या ते मोजलं नाही. काटक्यांनी पेट घेतला. थर्मासमधला चहा कोमट होता, त्यात सुंठवडा कालवून थेंब थेंब पाजला. आणि आठ जणी त्यांच्याभोवती अशा गच्च बसलो, की गोधडीला टाके मारावेत.

बऱ्याच वेळानं त्यांचं अंग थरथरायला लागलं. आधी बोटं, मग खांदे, मग सगळ्या मंदाताई. मी दुसऱ्या माणसाच्या कुडकुडण्यावर इतकी खूश झालेली ती पहिलीच वेळ. मग त्यांनी हात वर करून डोकं चाचपलं.

"यांची टोपी कुणी घातली मला? अहो, घडी मोडली की ते चिडतात."

शैला रडता रडता हसायला लागली. मग सगळ्याच. मी मात्र त्या हशात नव्हते. तो माझा नव्हता.

संध्याकाळच्या आधी पाऊस थांबला, वाऱ्यानं कातळ कोरडा केला आणि धुकं वर सरकलं. मळलेली वाट आमच्या डोक्यावरच होती, हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या अंतरावर. तिच्यावरून एक म्हैस निवांत खाली चालली होती. आम्ही तिच्यामागून उतरलो. त्या दिवशीचं माझं मार्गशोधन एवढंच यशस्वी.

मंदाताईंना न्यूमोनिया झाला. दवाखान्यात बघायला गेले तेव्हा त्या खाटेवर बसून पेज पीत होत्या. मी माफीचं भाषण पाठ करून गेले होते. त्यांनी सुरूच करू दिलं नाही.

"बाई, एक विचारू? शेकोटीत मी नापासच का?"

आता इथं कुणीही शहाणी बाई 'पास' म्हणाली असती. माझ्या तोंडून निघालं, "नियमाप्रमाणं बघितलं तर दोन काड्यांत नाही पेटली..."

"हो ना," त्या म्हणाल्या. "पण मग तुमचीही नाही पेटली. म्हणजे तुम्हीही नापास. आपण दोघी एका वर्गात."

आम्ही इतक्या हसलो, की सिस्टरनी येऊन मला बाहेर काढलं.

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण मी ती सांगत सुटले. हळूहळू तिच्यात धुकं दाट झालं, कडा उंच झाला आणि कॅप्टनबाईंनी प्रसंगावधान राखून 'स्वतःजवळच्या' कापरानं शेकोटी पेटवली. पुढं एका समारंभात माझा सत्कारही झाला, शाल, श्रीफळ, सगळं. मंदाताई तिसऱ्या रांगेत बसून पेढा खात होत्या. घरी जाताना रिक्षात माझ्या अंगावरची शाल चिमटीत धरून बघितली आणि म्हणाल्या, "ऊब चांगली आहे हिला. पुढच्या वेळी डोंगरावर आणा."

त्यानंतर मी ती गोष्ट सांगायची बंद केली. झाली तशी आज सांगतेय ती पहिल्यांदाच.

निवृत्तीनंतर दोघी मिळून हौशी लोकांना डोंगरावर न्यायला लागलो. मंदाताईंचे गुडघे बदलल्यापासून त्या वर येत नाहीत. पायथ्याशी खुर्ची टाकून बसतात आणि झडती घेतात. फक्त झडती उलटी असते. सॅक हलकी असेल तर माणूस परत. आता शेकोटी कुठंच करू देत नाही, गवत वाळलेलं असतं आणि एका ठिणगीत डोंगर जातो. पण काडेपेटी, मेणबत्ती आणि कोरडे कपडे प्रत्येकाजवळ हवेत. कशाला, असं कुणी विचारलं तर मंदाताईंचं उत्तर ठरलेलं: ते कामाला आल्यावर कळतं.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एकानं डोंगरावर कॉफी करायचं यंत्र आणलं आणि पाणी विसरला. एक बाई मला म्हणाल्या, वर नेटवर्क नसेल तर तुम्ही आधी सांगायला हवं होतं. पण गेल्या जानेवारीतला मॅनेजर मात्र माझ्या काळजाला भिडला. अंबडच्या कुठल्याशा कारखान्यातला, पस्तिशीतला, पोटरीचे स्नायू दाखवणारी चड्डी आणि पाठीवर पाकिटाएवढी सॅक. सोबत त्याच्या हाताखालची दहा-बारा माणसं, त्यांच्यातही धाडस निर्माण करायला आणलेली.

मंदाताईंनी सॅक उघडली. आत एक बिस्किटांचा पुडा आणि एक सुरा.

"हा कशाला, बाळा?"

"सर्व्हायव्हल नाइफ आहे, आजी. याच्यावर माणूस आठवडा काढू शकतो."

"खाऊन?"

हाताखालची माणसं खोकली. मी मात्र त्याच्याकडं टक लावून बघत होते. शिट्टी तेवढी नव्हती गळ्यात.

आणि पश्चिमेला ढग होता. पातळसा, साडीच्या काठाएवढा. मॅनेजरनं मोबाइल पुढं केला. "बघा, आजी, आकाश निरभ्र दाखवतंय." मोबाइल इमानदार होता, होकायंत्रासारखा.

आता कबूल करते, माझे पाय शिवशिवत होते. सत्तरी उलटली तरी ती बॉबकटवाली भवानी आत कुठंतरी कमरेवर हात ठेवून उभी असतेच. मी मंदाताईंच्या कानाशी वाकले. "एवढासा तर आहे ढग. दोन तासांत जाऊन येऊ. माणसं लांबून आलीत हो."

मंदाताईंनी चष्मा वर करून ढगाकडं बघितलं. मग माझ्याकडं.

"बाई, आपण द्राक्षं आहोत."

मी वळले आणि सगळ्यांना गाडीत बसायला सांगितलं. मॅनेजर भडकला. अशानं लोकांमध्ये नेतृत्व कसं तयार होणार, असं बरंच बोलला. मी ऐकून घेतलं. फार ओळखीचं भाषण होतं.

आणि त्या दिवशी पाऊस आला नाही. थेंबसुद्धा नाही. ढग लाजून निघून गेला आणि दुपारी असं लख्ख ऊन पडलं, की नाशिकभर लोकांनी गाद्या बाहेर काढल्या. आम्ही दोघी माझ्या गच्चीवर होतो. मंदाताईंनी पायथ्याशी नेलेलं नऊवारी पातळ पिशवीतून काढून तारेवर टाकलं होतं. ते भिजलेलं नसतंच, तरी परत आल्यावर त्या त्याला ऊन दाखवतात.

मॅनेजरचा फोन आला. मंदाताईंनीही ऐकावं म्हणून मी स्पीकर लावला.

"आजी, बाहेर बघितलंत का? कडकडीत ऊन आहे. एक ढग नाही."

कपारीतून वाचलेली बाई दाखवता येते. कपारीत गेलीच नाही ती कशी दाखवायची?

मंदाताईंनी फोन माझ्या हातातून घेतला.

"हो ना रे बाळा, छान पडलंय," त्या म्हणाल्या. "वाळत घाल काहीतरी." आणि फोन ठेवून तारेवरून काढलेल्या पातळाचं एक टोक त्यांनी माझ्या हातात दिलं. "धरा, बाई. नीट धरा. घडी मोडायला नको."